‘दहा मिनिटांचं काम होतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

मागच्या आठवड्यात मी एका ओळीच्या दुरुस्तीची हकीकत लिहिली होती. कांद्याच्या भुईकाट्यावर बसवलेल्या आमच्या बोर्डात, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरमध्ये, लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) फाइलसिस्टिममधल्या, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणाऱ्या भागातल्या, एका व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. त्यामुळे सकाळी सकाळी पावत्या अडकायच्या. तो दोष शोधायला मला अकरा दिवस लागले आणि दुरुस्ती झाली एका ओळीत. त्या पोस्टखाली परवा रात्री ‘एक सिस्टिम प्रोग्रामर, पुणे’ अशा सहीने प्रतिक्रिया आली. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही लपवतोय असं व्हायला नको.

‘एका ओळीच्या बदलाचं इतकं कौतुक कशाला? कंपायलरच्या वॉर्निंग वाचल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं, आमच्याकडे हे इंटर्न करतात. केलीत तीही मलमपट्टीच, त्या फंक्शनची रचनाच बदलायला हवी होती. टेस्ट लिहिलेली दिसत नाही. ग्लोबल व्हेरिएबल शून्य असतात हेही लेखकाला माहीत नसावं. रस्टमध्ये हा प्रश्नच आला नसता. आणि कृपा करून कर्नलसारखा विषय कांद्याच्या ट्रॉल्या आणून समजावू नका.’

वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस थांबलो, मग लिहायला बसलो.

तुमची एक गोष्ट बरोबर आहे, ती आधी मान्य करतो. मी लिहिलं होतं की सी भाषेत व्हेरिएबल नुसतं जाहीर केलं की त्यात कचरा असतो. हे अर्धवट आहे. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल शून्यानेच सुरू होतात, कचरा असतो तो फंक्शनच्या आतल्या साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये. पोस्टमधलं ते वाक्य काल रात्रीच दुरुस्त केलं. पण ‘लेखकाला माहीत नसावं’ हे लिहायची गरज नव्हती. ‘हे वाक्य नीट करा’ एवढं म्हणाला असतात तर मी आभार मानले असते. वाक्य घाईत निसटणं वेगळं आणि माहीत नसणं वेगळं. बावीस वर्षं सी लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हा फरक टोचतो.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो: ‘वॉर्निंग वाचल्या असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.’

कुठली वॉर्निंग? जीसीसी या कंपायलरमध्ये, म्हणजे सी भाषेतला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अशा दोषासाठी ‘मेबी-अनइनिशियलाइज्ड’ नावाची वॉर्निंग आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण लिनक्स कर्नल बांधताना ती मुळात चालू नसते. २०२० च्या मे महिन्यात, कर्नल ५.७ च्या वेळी, खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती बंद केली, कारण नव्या जीसीसीच्या खोट्या इशाऱ्यांखाली खरे इशारे दिसेनासे झाले होते. तेव्हापासून ती हवी असेल तर बांधणीच्या आज्ञेत ‘डब्ल्यू बरोबर दोन’ असं वेगळं सांगावं लागतं. आमच्या बोर्डावरचा कर्नल ५.१०, म्हणजे त्यानंतरचा. तेव्हा जी वॉर्निंग मी वाचली नाही म्हणून तुम्ही मला बोल लावता, ती छापलीच जात नव्हती.

‘मग चालू करायची होती,’ असं तुम्ही म्हणाल. केली. तिसऱ्या दिवशी केली, आणि पोस्टच्या चौथ्या परिच्छेदात तसं लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल. स्क्रीनवर वॉर्निंगचा लोंढा आला. त्यातल्या फाइलसिस्टिमच्या फोल्डरपुरत्या निवडल्या, छापून घेतल्या आणि एकेक ओळ पेन्सिलने खोडत दीड दिवस वाचल्या. आपला दोष त्यात नव्हताच, कारण तो असण्याची शक्यताच नव्हती.

का ते नीट सांगतो. हे तुमच्यासाठी नाही, इतर वाचकांसाठी. फोल्डरमध्ये नावाची नोंद शोधणारं एक फंक्शन आहे. नोंद सापडली तर ते तिच्या ब्लॉकचा (डिस्कवरच्या तुकड्याचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतं, नाही सापडली तर रिकामा पॉइंटर. रिकामा पॉइंटर आला की बोलावणाऱ्याला कळायला हवं की नोंद खरंच नाहीये, की डिस्क वाचतानाच काही बिघडलं. त्यासाठी बोलावणारा स्वतःकडे ‘एरर’ नावाचं लोकल व्हेरिएबल ठेवतो आणि त्याचा पत्ता शोधणाऱ्याच्या हातात देतो. उत्तर त्या पत्त्यावर लिहायची जबाबदारी शोधणाऱ्याची. बोलावणारा एका फाइलमध्ये, शोधणारा दुसऱ्या फाइलमध्ये. कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो. पत्ता बाहेर गेलेला त्याला दिसतो, आणि तिकडे कोणीतरी किंमत भरत असेल असं तो धरून चालतो. शोधणाऱ्याच्या फाइलमध्ये पाहिलं तर तिथे व्हेरिएबलच नाही, नुसता पॉइंटर. म्हणजे दोन्हीकडे कंपायलरला तक्रार करायला जागाच नाही. तुमचा इंटर्न दहा मिनिटं काय, दहा दिवस वॉर्निंग वाचत बसला तरी त्याला ही ओळ दिसणार नाही.

आणि शोधणारं फंक्शन एक सोडून सगळ्या वाटांवर किंमत भरत होतं. राहिलेली वाट होती अगदी कोऱ्या फोल्डरची. बोर्ड विकणाऱ्यांनी दिलेल्या या फाइलसिस्टिममध्ये नव्या फोल्डरला एकही ब्लॉक नसतो, पहिली नोंद पडते तेव्हा मिळतो. ब्लॉक शून्य म्हणजे शोधायचं चक्र एकदाही फिरत नाही. फंक्शन खालून बाहेर पडतं, रिकामा पॉइंटर देतं, आणि ‘एरर’मध्ये स्टॅकच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीच्या) त्या जागी आधीचं जे काही पडलेलं असेल ते तसंच राहतं. तिथे शून्य पडलेलं असलं की सगळं सुरळीत. ऋण आकडा पडलेला असला की फाइलसिस्टिमला वाटतं डिस्क बिघडली, आणि ती स्वतःला ‘फक्त वाचा’ अवस्थेत टाकून घेते. आमच्या यंत्रात रोज मध्यरात्री त्या तारखेचं नवं फोल्डर तयार होतं. म्हणजे धोक्याचा क्षण दिवसातून एकदाच: पहिल्या ट्रॅक्टरचा.

आता ट्रॅक्टरवर यावंच लागेल, कारण ‘कांद्याच्या ट्रॉल्या आणू नका’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

त्या ट्रॉल्या मी दृष्टांत म्हणून आणलेल्या नाहीत. दोष त्यांच्याखालीच होता. नाशिकच्या सातपूरला माझ्या टेबलावर हाच बोर्ड, हाच कर्नल, हाच प्रोग्रॅम तीन दिवस चालवला. तारीख पुढे सरकवून शेकडो कोरी फोल्डरं केली, एकदाही बिघडलं नाही. मग निफाड तालुक्यातल्या त्या काट्यावर पहाटे जाऊन बसलो. जानेवारीची थंडी, धुकं, लिलावाच्या ओळीत लागलेले ट्रॅक्टर. पहिली ट्रॉली काट्यावर चढली, पण ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नाही. प्लॅटफॉर्म थरथरत होता आणि पडद्यावरचा आकडा पाच-दहा किलोने मागेपुढे नाचत होता. प्रोग्रॅम वजन स्थिर व्हायची वाट बघत, काट्याचा आकडा जिथून येतो तो सिरियल पोर्ट वाचत राहिला, एक वाचन वेळ संपल्यामुळे वाया गेलं, मग दुसऱ्यांदा वाचलं, वजन ठरलं, पावती क्रमांकाची फाइल उघडायला गेला आणि अडकला. टेबलावर हे कधीच घडत नव्हतं, कारण टेबलावरचं वजन ठेवल्याक्षणी स्थिर व्हायचं. वाया गेलेल्या त्या वाचनामुळे कर्नल वेगळ्या वाटेने जात होता आणि त्याच प्रोसेसच्या कर्नल स्टॅकवर वेगळा गाळ मागे ठेवत होता. तोच गाळ पुढच्या क्षणी आमच्या ‘एरर’च्या वाट्याला येत होता. चालू इंजिनाचा ट्रॅक्टर वगळला तर हा दोष समजावताच येत नाही. तुम्हाला विषयाची शोभा गेल्यासारखं वाटलं असेल, मला तो विषयच वाटतो.

त्या सकाळी कर्नलच्या नोंदींमध्ये एररचा आकडा छापला गेला होता: उणे १०६९५१४७५२. कर्नलमधले खरे एरर क्रमांक उणे ४०९५ च्या पलीकडे जात नाहीत. ‘डिस्क वाचता आली नाही’ म्हणजे उणे ५, ‘जागा संपली’ म्हणजे उणे २८. हा आकडा एरर असूच शकत नव्हता. ट्रॉली काट्यावरून उतरायच्या आत मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचं हेक्स, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीतलं रूप, केलं. उत्तर आलं सी०४०८०००. आमचा बोर्ड ३२ बिटांच्या आर्म जातीच्या प्रोसेसरचा, आणि त्यावर कर्नलची मेमरी नेहमीच्या मांडणीत सी० पासूनच सुरू होते. म्हणजे जिथे एरर असायला हवी तिथे कर्नलच्याच कुठल्या तरी जागेचा पत्ता पडला होता. अंगावर काटा आला माझ्या. सहा दिवस मी मेमरी कार्डावर (या यंत्राची डिस्क म्हणजे तेच) संशय घेत होतो, दोनदा ते बदललंही होतं.

इथून पुढे तरी दहा मिनिटं लागायला हवी होती, नाही का? नाही लागली. शोधणाऱ्या फंक्शनमध्ये किंमत छापायची एक ओळ घातली की दोष गायब व्हायचा, कारण छापणारं फंक्शन स्वतःच स्टॅक वापरून जुना गाळ बदलून टाकतं. असले दोष चालू कर्नलमध्ये पकडणारं केएमसॅन नावाचं साधन डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये आलं. पण ते ६४ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रांवर चालतं, पुढे आयबीएमच्या मेनफ्रेमवरही आलं. ३२ बिटांच्या आर्मवर नाही. शेवटी जीसीसी १२ आणून त्याच्या एका फ्लॅगने (कंपायलरला द्यायच्या सूचनेने) सगळी लोकल व्हेरिएबल ठरावीक आकड्याने भरून घेतली. जीसीसी प्रत्येक बाइटमध्ये हेक्स एफई भरतो. तसा कर्नल टेबलावरच्या बोर्डात टाकला, कोरं फोल्डर केलं, आणि पहिल्याच वेळी आकडा आला उणे १६८४३०१०. चारही बाइट एफई. दुसऱ्यांदा तोच, विसाव्यांदाही तोच. तेव्हा कुठे मी घरी फोन करून सांगितलं की आज जेवायला येतो.

तुम्ही ‘कौतुक’ हा शब्द वापरलात. कौतुक करून घ्यायला मी ती पोस्ट लिहिली नव्हती. त्या काट्यावर एक मुलगा बसतो. यंत्र अडकलं की तो ते बंद करून पुन्हा चालू करायचा. तेवढ्या वेळात रांगेतल्या लोकांचा ओरडा सुरू व्हायचा, म्हणून पहिल्या दोन-तीन ट्रॉल्यांची वजनं तो वहीत हाताने लिहून घ्यायचा आणि हातानेच पावती द्यायचा. महिन्याच्या शेवटी यंत्रातल्या पावत्या आणि वही जुळेना. भरलेल्या ट्रॉलीचं वजन वहीत, आणि खळ्यावर माल उतरवून परत आलेल्या रिकाम्या ट्रॉलीचं वजन यंत्रात, अशा जोड्या निघाल्या. संशय कोणावर आला असेल? आठ दिवस त्याला घरी बसवलं होतं. आम्ही पुरवलेल्या यंत्रावर कोणीच शंका घेतली नाही, कारण यंत्र खोटं बोलत नाही अशी लोकांची समजूत असते. दुरुस्ती झाल्यावर मी तिथल्या ऑफिसात जाऊन एररचे ते दोन आकडे कागदावर लिहून दाखवले आणि चूक आमच्याकडची होती हे सांगितलं. मुलगा कामावर परत आला. मला सांगायचं होतं ते एवढंच, की दोष एका ओळीचा असला तरी त्याची किंमत दुसराच कोणीतरी भरत असतो. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही याचं वाईट वाटतं.

आणि ‘इंटर्न’. माझा डिप्लोमा २००३ चा. सुरुवात केली ती आठ बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर, सातपूरच्याच एका छोट्या कारखान्यात. लिनक्सकडे वळलो तेव्हा विचारायला इथे जवळ कोणी नव्हतं. घरी इंटरनेट नव्हतं, कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून कर्नलचा सोर्स पेन ड्राइव्हवर उतरवून आणायचो आणि मधेच लाइन तुटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे भरून बसायचो. एका नोकरीत तर मी दाखवलेला कर्नलचा दोष ‘आपल्याकडचे लोक कर्नलमधल्या चुका काढत नाहीत’ म्हणून फाइलबंद झाला. वर्षभराने बोर्ड विकणाऱ्यांनीच तो दुरुस्त करून पाठवला. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. तुम्ही स्वतःचं नाव लिहिलं नाहीत, शहराचं मात्र लिहिलंत. नाशिकच्या एमआयडीसीतला माणूस कर्नलबद्दल लिहितो हे कोणाला तरी खुपतं, हा अनुभव मला नवा नाही, त्यामुळे त्या सहीचा अर्थ मला कळला. तसा अर्थ तुमच्या मनात नसेल तर मी शब्द मागे घेतो. पण मग ‘आमच्याकडे’ हा शब्द कशासाठी होता?

असे दोष फक्त अडाण्यांच्या हातून होतात, असाही तुमच्या लिहिण्याचा सूर आहे. एक्स्ट४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम डिसेंबर २००८ च्या २.६.२८ पासून स्थिर मानली जाते. तिच्यावर काम करणारी माणसं जगातल्या उत्तम प्रोग्रामरांपैकी आहेत. २०१९ मध्ये तिथेच सापडलं की एक्स्टेंट ट्रीच्या (फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याच्या नोंदींच्या) ब्लॉकमधली न वापरलेली जागा शून्य न करताच डिस्कवर लिहिली जात होती, म्हणजे कर्नलच्या मेमरीतला जुना मजकूर डिस्कवर जाऊन पडू शकत होता. सुरक्षेच्या दोषांच्या जागतिक यादीत त्याला सीव्हीई-२०१९-११८३३ हा क्रमांक आहे. कर्नलमध्ये तर कंपायलरला गप्प करण्यासाठी ‘एक्स बरोबर एक्स’ असं लिहिणारा एक मॅक्रो (कोडचा तयार संक्षेप) वर्षानुवर्षं होता. त्याच्याआड खरे दोषही झाकले जात होते, म्हणून २०२० मध्ये ५.९ मधून तो काढून टाकावा लागला. इतक्या जाणत्या माणसांना ही गोष्ट चुकवते, तिथे तुम्ही तिला इंटर्नचं काम म्हणता. त्या इंटर्नवर एवढा भार टाकू नका.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. रचना बदलायला हवी होती, म्हणजे एरर परत येणाऱ्या पॉइंटरमध्येच गुंफायची, हे खरंच. एक्स्ट४ मधल्या ब्लॉक वाचणाऱ्या फंक्शनचं २०१४ मध्ये तसंच केलं गेलं. पण ऐन लिलावाच्या हंगामात, चालू असलेल्या काट्यांवर, बोर्ड विकणाऱ्याच्या कोडमधल्या सात फाइली मी उलथ्यापालथ्या करणार नव्हतो. फंक्शनमध्ये शिरताक्षणी एररच्या जागी शून्य लिहिलं, ही माझी एक ओळ. ती बोलावणाऱ्याकडे न लिहिता मुद्दाम शोधणाऱ्याकडे लिहिली, म्हणजे त्याला पुढे कोणीही बोलावलं तरी जागा भरलेली मिळेल. याला मलमपट्टी म्हणायचं असेल तर म्हणा. रस्ट या नव्या भाषेचा पाठिंबा लिनक्समध्ये ६.१ पासून आहे, आमचा कर्नल ५.१०, तेव्हा तो विषय इथे लागू नाही. टेस्ट वेगळी लिहिलेली नाही, कोऱ्या फोल्डरची तपासणी मी हाताने करतो आणि सध्या तेवढं पुरतं.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही आणि काढणारही नाही. जुन्या कर्नलचा तो बोर्ड अजून सातपूरला माझ्या टेबलावर आहे, मेमरी कार्डासकट. त्यात मी छापायची ओळ घातलेली नाही की फ्लॅग लावलेला नाही, काट्यावरून आणला तसाच आहे. सोर्स कोडही शेजारच्या कॉम्प्युटरवर आहे. शनिवारी मी दुपारी दोनपर्यंत तिथेच असतो. कधीही या, वॉर्निंग वाचा आणि ती ओळ मला दाखवा. घड्याळ मी लावणार नाही.